खापर, सोडत आणि हिशेब



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाच्या पाठीला जोडलेला, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा, असा हा विषय. त्या विषयावर जीव लावणारा शिक्षक मिळणं ही भाग्याची गोष्ट. म्हणून आज मी त्यांच्याच पुस्तकातलं एक वाक्य उचललं आहे: लोकशाहीचा जन्म ग्रीसमधल्या अथेन्स या नगरराज्यात झाला. वाक्य बरोबर आहे. पण आपण सगळ्यांनी ते पाठ केलं, गुण मिळवले आणि पान उलटलं. अथेन्सची माणसं सकाळी उठून ही लोकशाही चालवत कशी होती, हातात काय घेऊन चालवत होती, हे त्या वाक्यात नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात एका दगडापासून करतो. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उत्खननात निघालेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे संगमरवराचा एक तुटका तुकडा आहे. त्यावर उभ्या ओळींत बारीक खाचा कोरलेल्या आहेत, एकाखाली एक, अगदी नेटक्या. ग्रीक भाषेत या वस्तूला क्लेरोटेरिऑन म्हणत, म्हणजे सोडतीचं यंत्र. हा शब्द विद्वानांना जुन्या ग्रंथांतून ठाऊक होता, पण त्याचा अर्थ ते सोडतीची खोली असा लावत. असे दगड म्हणजेच ते यंत्र, हे १९३०च्या दशकात स्टर्लिंग डाउ या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिलं. हा तुकडा जरा नंतरच्या काळातला आहे. पद्धत मात्र इ.स.पू. चौथ्या शतकात चांगली रुळलेली होती.

पद्धत अशी. न्यायालयात पंच म्हणून बसायला इच्छुक असलेले नागरिक पहाटे जमत. प्रत्येकाजवळ एक छोटी पट्टी असे, आधी कांस्याची, पुढे लाकडाची. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव. ती पट्टी दगडाच्या खाचेत बसायची. सगळ्या खाचा भरल्या की दगडाच्या कडेला बसवलेल्या नळीत काळे आणि पांढरे ठोकळे वरून ओतत. नळीतून एकेक ठोकळा खाली पडे. पांढरा पडला तर पहिल्या आडव्या ओळीतली सगळी माणसं आजच्या दिवसापुरती न्यायाधीश. काळा पडला तर ती ओळ घरी. मग दुसरी ओळ, मग तिसरी. कोणत्या न्यायालयात बसायचं तेही पुन्हा सोडतीनंच ठरे. सकाळपर्यंत कोणालाच माहीत नसे की आपल्यापुढे कोणता खटला येणार, त्यामुळे आदल्या रात्री लाच द्यायची तरी कोणाला?

हे सगळं इतक्या बारकाईनं आपल्याला कळलं ते अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ या ग्रंथामुळे. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या, त्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या आणि १८९१ साली ग्रंथ छापून निघाला. त्या गुंडाळ्यांची दर्शनी बाजू म्हणजे एका शेतीवाडीच्या कारभाऱ्यानं लिहिलेला जमाखर्च. कागद महाग, म्हणून कोणीतरी त्या जमाखर्चाच्या पाठीवर हा ग्रंथ उतरवून काढला. या योगायोगाचा मला फार मोह आहे. अथेन्सच्या लोकशाहीचा प्राण मला जर एका शब्दात सांगायचा झाला तर मी ‘हिशेब’ हाच शब्द घेईन, आणि तिची कथा आपल्यापर्यंत आली तीही हिशेबाच्या वहीच्या पाठीवर बसून.

आपल्याकडे सोडत हा शब्द नवा नाही. महापौरपदाचं आरक्षण आपण सोडतीनं काढतो. पण आपली सोडत प्रवर्ग ठरवते. माणूस पुढे निवडणुकीतूनच येतो. अथेन्समध्ये सोडत थेट माणूस ठरवत होती. अभ्यासकांचा अंदाज असा की वर्षाला सुमारे सातशे अधिकारपदं भरावी लागत आणि त्यातली बहुतेक सोडतीनं भरली जात. शिवाय पाचशे जणांचं मंडळ, ब्युले, तेही सोडतीनंच. निवडणूक ठेवली होती ती सेनापतींसाठी आणि पुढच्या काळात तिजोरीच्या काही मोठ्या पदांसाठी, जिथे कसब नसेल तर माणसं मरतात किंवा पैसा बुडतो.

असं का? आज आपण निवडणूक म्हणजेच लोकशाही असं धरून चालतो. अ‍ॅरिस्टॉटल याच्या बरोबर उलट सांगतो. त्याच्या ‘राज्यशास्त्र’ ग्रंथात सोडत ही लोकशाहीची खूण आहे आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. कारण साधं आहे. निवडून कोण येतो? ज्याचं नाव आधीच चार लोकांना माहीत आहे, ज्याच्याकडे पैसा आहे, घराणं आहे, बोलण्याची ऐट आहे. सोडतीच्या ठोकळ्याला यातलं काही दिसत नाही. तो कुंभार आणि जमीनदार एकाच ओळीत धरतो.

पाचशेंच्या मंडळात तिशी ओलांडलेला नागरिक एक वर्ष बसे, आणि उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. नगराचे दहा गट होते. प्रत्येक गटाचे पन्नास. वर्षाचे दहा भाग करून एकेका गटाचे पन्नास जण पस्तीस-छत्तीस दिवस रोजचा कारभार पाहत. त्यांच्यातून रोज सोडतीनं एक अध्यक्ष निघे. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत नगराची मोहोर त्याच्याकडे, आणि जिथे पैसा आणि दप्तर ठेवलेलं त्या देवळांच्या किल्ल्याही त्याच्याचकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आपला कुंभार. हे पद पुन्हा त्याच्या वाट्याला येत नसे. आयुष्यात एक रात्र आणि एक दिवस राज्याच्या किल्ल्या कमरेला लावून काढलेल्या माणसानं मग सभेत बसून काय बोलावं आणि कसं ऐकावं, याचा विचार करून पाहा. आपल्या पाठ्यपुस्तकात न आलेलं खरं नागरिकशास्त्र मला तिथे दिसतं.

सोडत आंधळी असली तरी नगर आंधळं नव्हतं. पद मिळालेल्या माणसाची आधी तपासणी होई. तुझे आईवडील कोण, त्यांना नीट सांभाळतोस का, कुळाच्या थडग्यांची जागा कुठे, कर भरतोस का, लढाईला गेला होतास का, असे प्रश्न विचारले जात. आणि वर्ष संपलं की हिशेब. युथिना हा त्याचा ग्रीक शब्द. पैशाची पै न् पै तर दाखवायचीच, शिवाय कोणाही नागरिकानं उठून या माणसानं माझ्यावर अन्याय केला असं म्हणायची मुभा. हिशेब पास होईपर्यंत अधिकाऱ्याला देशाबाहेर जाता येत नसे, आपली मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. पळवाटा आधीच बुजवलेल्या. शिवाय वर्षाच्या त्या दहा भागांपैकी प्रत्येक भागात सभा एकदा मत देई की अधिकारी कारभार नीट चालवतायत की नाही. नुसतं बोलणाराही सुटत नसे. सभेत बेकायदा ठराव मांडून मंजूर करून घेतला, तरी मांडणाऱ्यावर नंतर खटला भरता येई.

आता मागे जाऊन थोडा इतिहास पाहू. इ.स.पू. ५९४च्या सुमारास सोलोननं कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची चाल मोडली. लोकशाही त्यानं आणली असं म्हणणं धाडसाचं होईल. पदं त्यानं उत्पन्नाच्या चार पायऱ्यांप्रमाणे वाटली. पण ज्याचं शरीरच गहाण आहे तो नागरिक होऊ शकत नाही, हे त्याला कळलं होतं. पुढे पिसिस्ट्राटस आणि त्याच्या मुलांची हुकूमशाही आली, इ.स.पू. ५१०मध्ये ती गेली, आणि इ.स.पू. ५०८-५०७मध्ये क्लाइस्थेनिसनं खरं काम केलं. त्यानं जुनी चार कुळं बाजूला सारून दहा नवे गट पाडले. एकशे एकोणचाळीस गावं आणि वस्त्या घेऊन प्रत्येक गटात थोडा शहरातला भाग, थोडा किनाऱ्यावरचा, थोडा आतल्या मुलखातला असा एकत्र गुंफला. म्हणजे मासेमार, शेतकरी आणि शहरातला कारागीर एकाच तुकडीत लढणार, एकाच बाकावर बसणार. जमीनदारांचे आपापल्या भागातले गड अशा रीतीनं आतून पोखरले गेले. माणसाची ओळखही त्याच्या गावावरून होऊ लागली, आणि ती त्या पट्टीवर कोरली गेली.

खापराची गोष्ट इथली. ग्रीक भाषेत फुटक्या मडक्याच्या तुकड्याला ऑस्ट्राकॉन म्हणतात. आपल्या मराठीत त्याला खापर म्हणतात, आणि खापर फोडण्यासाठी आपल्याला नेहमी कोणाचं तरी डोकं लागतं. अथेन्सनं त्याचा कायदा केला. वर्षातून एकदा सभा ठरवी की यंदा कोणाला हद्दपार करायचं का. हो म्हटलं तर ठरल्या दिवशी प्रत्येक नागरिक खापरावर एक नाव कोरून आणी. एकूण सहा हजार खापरं जमली, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त त्यानं दहा दिवसांत नगर सोडायचं, दहा वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही. पण मालमत्ता जप्त नाही आणि बेअब्रूही नाही. दहा वर्षांनी परत यायचं. डोईजड झालेला माणूस हुकूमशहा व्हायच्या आत त्याला जरा लांब पाठवायचं, इतकाच हेतू. याचा पहिला प्रयोग इ.स.पू. ४८७मध्ये झाला.

हजारो खापरं आज सापडली आहेत. त्यातला एक साठा मला नेहमी अस्वस्थ करतो. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सुमारे १९० खापरं निघाली. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवणारा तो थेमिस्टोक्लीस. आणि अक्षराचं वळण पाहिलं तर ही सगळी खापरं लिहिणारे हात मोजून चौदा. म्हणजे विरोधकांनी आधीच नावं कोरून खापरं तयार ठेवली होती, येणाऱ्याच्या हातात द्यायला. लिहिता न येणाऱ्याची सोय म्हणून ती ठेवली असतील, आणि मताची दिशा ठरवायला म्हणूनही. ती विहिरीत पडली म्हणजे वापरली गेली नाहीत. थेमिस्टोक्लीसला इ.स.पू. ४७१च्या सुमारास जावंच लागलं. आणि शेवटी निकियास आणि अल्किबायडीस या दोन बड्यांनी, आपल्यापैकी कोणी जाऊ नये म्हणून, आपापली माणसं एक करून हायपरबोलस नावाच्या तिसऱ्याच माणसाला हद्दपार करवलं. त्यानंतर अथेन्सनं हे हत्यार पुन्हा उचललं नाही. कायदा कितीही विचारपूर्वक केलेला असला तरी दोन गट संगनमत करून तो कसा निकामी करतात, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

अथेन्स म्हणजे ग्रीस नव्हे. ग्रीक नगरराज्यं हजारच्या घरात होती, काही तर आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. अ‍ॅरिस्टॉटलच्या हाताखाली १५८ राज्यव्यवस्थांची टिपणं तयार झाली. कोरिंथमध्ये बॅकियाड या एकाच कुळाचं राज्य होतं, ते किप्सेलसनं उलथवलं आणि स्वतः सत्ता घेतली. ‘टायरंट’ हा शब्द तेव्हा अजून शिवी झालेला नव्हता. थीब्जच्या प्रदेशात मालमत्ता असलेल्यांची मंडळं आळीपाळीनं कारभार पाहत. सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये लोकशाही होती, तिथे खापराऐवजी ऑलिव्हच्या पानावर नाव लिहीत. अथेन्सचं आरमार इ.स.पू. ४१३मध्ये ज्या सिराक्यूजनं बुडवलं ते स्वतः लोकशाहीचं नगर होतं. लोकशाही नगरं आपसांत लढत नाहीत असं जे मोठ्या तोऱ्यात सांगितलं जातं, त्याला हे उत्तर आहे.

स्पार्टाबद्दल जरा थांबायला हवं, कारण स्पार्टाचे चाहते तेव्हाही होते आणि आजही आहेत. झेनोफनला स्पार्टा आवडे, प्लेटोलाही तिथली शिस्त भुरळ घाली. दोन राजे, दोन वेगवेगळ्या घराण्यांतले. साठी ओलांडलेल्या अठ्ठावीस वृद्धांचं आणि या दोन राजांचं मंडळ. वृद्धांचं पद मरेपर्यंत. दरवर्षी निवडले जाणारे एफोर नावाचे पाच अधिकारी. वृद्धांची निवड कशी होई? उमेदवार एकामागून एक सभेपुढून जात आणि लोक ओरडत. पंच एका बंद घरात बसत, त्यांना उमेदवार दिसत नसे, फक्त आवाज ऐकू येई. सर्वांत मोठा आवाज ज्याच्यासाठी झाला तो निवडून आला. अ‍ॅरिस्टॉटलनं याला पोरकट म्हटलं आहे, आणि या वृद्धांकडून कोणी हिशेब घेत नाही हा दोषही दाखवला आहे. याच्या शेजारी अथेन्सच्या पंचाचं मत ठेवा. त्याला कांस्याच्या दोन चकत्या मिळत, मधून आस गेलेल्या. एकीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. एक फिर्यादीसाठी, एक आरोपीसाठी. आसाची टोकं अंगठा आणि बोटात धरली की कोणती कुठली हे शेजाऱ्यालाही दिसत नसे. आवाजाच्या जोरावर निवडणं आणि दोन बोटांत झाकून निवडणं, दोन नगरांमधला फरक इतक्या छोट्या गोष्टीत दिसतो.

आणि स्पार्टाची ती शिस्त उभी होती हेलटांच्या पाठीवर. हे जिंकलेल्या मुलखातले शेतकरी, जमिनीला बांधलेले. एफोर दरवर्षी पदावर आले की हेलटांविरुद्ध युद्ध जाहीर करत, म्हणजे हेलटाला मारलं तर पाप लागायला नको. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की एकदा स्पार्टानं हेलटांना सांगितलं, तुमच्यातले जे सर्वांत शूर असतील त्यांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू. दोन हजार जण निवडले गेले, त्यांनी डोक्यावर पुष्पमुकुट घालून देवळांना प्रदक्षिणा घातल्या. त्यानंतर ते कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. ज्याला स्पार्टाच्या शिस्तीचं कौतुक करायचं आहे त्यानं आधी या दोन हजारांचं काय झालं ते सांगावं. स्पार्टाचे अस्सल नागरिक मात्र घटत गेले. सामूहिक खाणावळीचा वाटा देता आला नाही की नागरिकत्व जाई, आणि जमीन थोड्या हातांत गोळा होत गेली. इ.स.पू. ३७१मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत सातशे स्पार्टन नागरिक उतरले आणि चारशे पडले. ती भरपाई पुन्हा झालीच नाही.

अथेन्सच्या सभेकडे येऊ. पनिक्स नावाच्या टेकडीच्या उतारावर वर्षातून चाळीस वेळा सभा भरे. कोणीही नागरिक उठून बोलू शकत असे. लोक वेळेवर येत असं समजू नका. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकात एक शेतकरी पहाटे येऊन एकटाच रिकाम्या टेकडीवर बसलेला आहे आणि माणसं खाली बाजारात गप्पा मारतायत. त्यांना हाकायला लाल रंगात भिजवलेला दोर ताणत आणत. रंग लागला की दंड. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभा पाहिलेल्या आपल्या मंडळींना हा दोर नक्कीच ओळखीचा वाटेल. पुढे इ.स.पू. ४०३नंतर सभेला येण्याचा भत्ता सुरू झाला, आधी ओबोल नावाचं एक नाणं, मग तीन. श्रीमंतांनी नाकं मुरडली. मला तो भत्ता लोकशाहीच्या थोर कायद्यांपैकी एक वाटतो, कारण रोजंदारी बुडवून मोफत देशसेवा फक्त पोट भरलेल्यालाच जमते.

याच टेकडीवर इ.स.पू. ४२७मध्ये जे घडलं ते थ्युसिडिडीसनं लिहून ठेवलं आहे. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीन नगरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते हरलं. सभा संतापलेली होती. ठराव झाला: मिटिलीनचे सगळे प्रौढ पुरुष ठार करा, बायका-मुलं गुलाम करा. त्याच दिवशी जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनात चलबिचल सुरू झाली. दोषी थोडे, आणि शिक्षा अख्ख्या नगराला? सभा पुन्हा बोलावली गेली. क्लिऑन नावाचा पुढारी उठला आणि म्हणाला की कालचा निर्णय आज फिरवणारी लोकशाही साम्राज्य चालवायच्या लायकीची नाही. त्याला उत्तर दिलं डायोडोटस नावाच्या माणसानं. या एका भाषणापलीकडे त्याची इतिहासात ओळख नाही. त्यानं दयेची याचना केली नाही. त्यानं सांगितलं, आपण न्यायालयात बसलेलो नाही, आपलं हित कशात आहे ते पाहा. शरण आलेल्यांनाही मारलं तर पुढचं नगर शेवटपर्यंत लढेल. हात वर झाले. मतं जवळजवळ सारखी, पण डायोडोटस जिंकला.

पहिलं जहाज एक दिवस आणि एक रात्र पुढे गेलेलं होतं. दुसरं जहाज सोडलं. मिटिलीनच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांना दारू आणि सातूचं पीठ दिलं. वल्हं मारता मारताच ते पीठ दारू-तेलात कालवून खात होते, पाळीपाळीनं झोपत होते, आणि जहाज थांबत नव्हतं. वारा आड आला नाही. पहिल्या जहाजातले लोक असल्या कामाला जाताना सावकाशच वल्हवत होते. ते पोचलं, सेनापती पॅकीसनं हुकूम वाचला, अंमल करायच्या तयारीला लागला, आणि तेवढ्यात दुसरं जहाज बंदरात शिरलं.

इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. बंडाचे पुढारी म्हणून हजाराहून अधिक माणसं तरीही मारली गेली, असा थ्युसिडिडीसचा आकडा आहे. आणि अकरा वर्षांनी अथेन्सनं मेलॉस बेटाचे पुरुष कापले तेव्हा मागून दुसरं जहाज निघालं नाही. पण राजाचा हुकूम त्याच राजाला फिरवायला फार मोठं मन लागतं. हजारो माणसांनी एका रात्रीत स्वतःचा संताप तपासून पाहिला, हे मी अथेन्सच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहितो.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे, आणि ती मोठी आहे. प्रौढ पुरुष नागरिक तीस ते साठ हजारांच्या दरम्यान. बायका सभेत नाहीत, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले नाहीत, आणि गुलाम तर माणसाच्या मोजणीतच नाहीत. ज्या चांदीवर सालामिसचं आरमार बांधलं ती लॉरियमच्या खाणींत गुलामांनी खणलेली. इ.स.पू. ३७५चा एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. बाजारात बसून नाणं खरं की खोटं हे ठरवणारा पारखी हा सरकारी गुलाम असे. त्यानं खोटं म्हटलं की नाणं चिरून टाकायचं. कामात कसूर झाली तर त्याला पन्नास फटके. अख्ख्या नगराच्या पैशाची पत ज्याच्या नजरेवर उभी, त्याला स्वतःला मत नव्हतं. ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून हे झाकणं मला पटत नाही. मिटिलीनबद्दल रात्रभर अस्वस्थ झालेल्या माणसांना या पारख्याकडे पाहून अस्वस्थ होता आलं असतं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली होती की भारताला लोकशाही परकी नव्हती. बौद्ध भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ चालू ठेवता येणार नाही. अथेन्सनं तो विरोध जवळपास दोनशे वर्षं चालवला.

नागरिकत्वाचं दार किती अरुंद होतं याची एक कथा सांगतो. इ.स.पू. ४५१मध्ये पेरिक्लीस या पुढाऱ्यानं कायदा करून घेतला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे त्याला मिलेटसहून आलेल्या अस्पेशियापासून मुलगा झाला. त्याच्या स्वतःच्या कायद्यानं तो मुलगा नागरिक नव्हता. प्लेगच्या साथीत पेरिक्लीसची दोन्ही औरस मुलं गेली, तेव्हा त्यानं लोकांकडे याचना केली आणि लोकांनी अपवाद केला. मुलगा नागरिक झाला, त्याचंही नाव पेरिक्लीस, आणि तो सेनापती निवडून आला. इ.स.पू. ४०६मध्ये अर्गिनुसीच्या समुद्रात अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. सभेनं सेनापतींना एकगठ्ठा मतानं, वेगवेगळे खटले न चालवता, मृत्युदंड दिला. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्या पन्नासांत सोडतीनं निघालेला सॉक्रेटिस होता. हे बेकायदा आहे, मी संमती देणार नाही, असं तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. सहा सेनापती मारले गेले आणि त्यांत पेरिक्लीसचा तो मुलगा होता. लोकांना नंतर पश्चात्ताप झाला, पण या वेळी दुसऱ्या जहाजाला सोडायला जागा नव्हती. काही वर्षांतच अथेन्सनं कायदे करण्याचं काम सभेच्या एका दिवसाच्या लहरीतून काढून, शपथ घेतलेल्या वेगळ्या मंडळाकडे सोपवलं.

त्या बदलाआधी, इ.स.पू. ४०४मध्ये, स्पार्टाशी चाललेलं युद्ध हरल्यावर स्पार्टाच्याच पाठिंब्यानं तीस जणांची सत्ता आली. काही महिन्यांत सुमारे दीड हजार माणसं मारली गेली. थ्रासिब्युलस डोंगरातून मूठभर माणसं घेऊन उतरला आणि लोकशाही परत आली. सूड घेण्याची पुरेपूर कारणं होती. अथेन्सनं शपथ घेतली की झालेल्या वाइटाचा डूख धरायचा नाही. आणि त्या तहात एक कलम असं होतं: खुद्द त्या तिसांपैकी कोणालाही ही माफी मिळेल, पण त्यानं आपल्या कारभाराचा हिशेब दिला तर. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ज्यांच्या भावांना विष पाजलं गेलं ती माणसं मारेकऱ्यांना सांगतायत, की ये, इतर अधिकाऱ्यांसारखा उभा राहा, हिशेब दे.

इ.स.पू. ३२२मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपाटरनं अथेन्सला नमवलं आणि अट घातली की ज्याच्याकडे दोन हजार द्राख्मांची मालमत्ता आहे तोच नागरिक. हजारोंची नावं एका दिवसात वगळली गेली.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या कांस्याच्या पट्ट्या उत्खननात बऱ्याच मिळाल्या आहेत. कित्येकींवर जुनं नाव ठोकून सपाट केलेलं आणि त्यावर दुसऱ्याचं नाव कोरलेलं. पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली. पण काही पट्ट्या बाजारात किंवा न्यायालयाच्या जागी सापडलेल्या नाहीत. त्या सापडल्या थडग्यांत. त्या माणसांच्या घरच्यांनी मृताबरोबर पुरण्यासाठी ती पट्टी निवडली होती. तिच्यावर त्याचं नाव आहे, बापाचं नाव आहे आणि गावाचं नाव आहे.